काकांचा पासवर्ड आणि उघडं राहिलेलं दार

एका ताईंचं पत्र आलं आहे. वडिलांनी सुरू केलेला छोटा छापखाना त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून चालवतात. नऊ माणसं, सहा संगणक, एक वायफाय राउटर. वायफायचा पासवर्ड म्हणजे छापखान्याचं नाव आणि पुढे १२३. तो कामगारांना माहीत, गिऱ्हाइकांना माहीत, माल पोचवणाऱ्यालाही माहीत. एक संगणक छपाईच्या जुन्या मशीनला जोडलेला आहे. त्यावर अजून विंडोज ७ आहे, कारण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. हिशेब पाहणारे काका वडिलांच्या वेळेपासूनचे. दिवसा राहिलेल्या नोंदी ते संध्याकाळी घरून, ऑफिसच्या संगणकात शिरून करतात. महिन्यापूर्वी ओळखीतल्या एका व्यावसायिकाच्या सगळ्या फाइली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. ताई हादरल्या. त्यांनी एका विक्रेत्याला बोलावलं, त्याने महागडी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी माहिती तपासून नको ती अडवणारं यंत्र, आणि वर्षभराचा करार सुचवला. भाऊ म्हणतो, "आपल्याला कोण हॅक करायला बसलंय?" आणि पासवर्ड बदलूया म्हटल्यावर काका दुखावले, "इतक्या वर्षांनी माझ्यावर संशय?" ताई विचारतात, ती फायरवॉल घ्यावी का, वायफायचं नाव लपवलं तर भागेल का, आणि काकांचं मन न मोडता हे सगळं करायचं कसं?

ताई,

काकांचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, तोही जरा चाचरत. जणू खरा प्रश्न यंत्राचा आणि हा आपला घरगुती. मला उलट वाटतं. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत धोक्याचं वाक्य काकांबद्दलचंच आहे, आणि ते काकांच्या स्वभावाबद्दल अजिबात नाही. त्याकडे येतेच. पण आधी भावाचं बोलणं घेऊ, कारण ते पटलेलं असेल तोवर तुमच्याकडे पुढचं काही हलणार नाही.

"आपल्याला कोण हॅक करायला बसलंय?" यात भाऊ अर्धा बरोबर आहे. खरंच कुणी बसलेलं नाही. तुमच्या छापखान्याचं नाव कुणाच्या यादीत नाही. बसलेला असतो तो एक प्रोग्राम. तो इंटरनेटवरचा एकेक पत्ता घेतो, दार ढकलून पाहतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. आत पावतीपुस्तकं छापतात की शस्त्रक्रिया होतात, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा किडा असाच सुटला. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांवरच्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. रुग्णालयं कुणी निवडून काढली नव्हती, ती वाटेत आली. संगणकासमोरच्या माणसाने कुठल्या दुव्यावर बोट ठेवायचीही त्याला गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका चुकीतून तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप जात होता. ती चूक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे दोन महिने औषध घरात पडून होतं. तेव्हा सापडलेल्या संगणकांत बहुतेक विंडोज ७वाले होते, हे तुमच्या मशीनवाल्या संगणकासाठी लक्षात ठेवा.

भावाला हे एवढंच सांगा. लहान असणं हे लपणं नव्हे, कारण शोधणारा आकार बघतच नाही.

आता काका.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की संध्याकाळी ते घरून ऑफिसच्या संगणकात शिरतात. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. कसे शिरतात? हे आजच विचारा. बऱ्याच छोट्या ठिकाणी कुणीतरी ओळखीचा जाणकार येतो, राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडतो, दुरून संगणक चालवू देणारं विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू करतो आणि "झालं काम" म्हणून निघून जातो. काम होतंही. पण काकांना घरून जो लॉगिनचा पडदा दिसतो, तोच त्या क्षणापासून सगळ्या जगाला दिसायला लागतो. खंडणीवाल्या टोळ्या आत येण्यासाठी वापरतात त्या नेहमीच्या वाटांपैकी ही एक आहे. पोर्टचा क्रमांक बदलून काही जण निर्धास्त होतात. दार मागच्या भिंतीला हलवल्यासारखं आहे ते, दाराला कडी लागलेली नसतेच.

एका छोट्या ऑफिसात मी असंच हिशेबनिसांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनाही वाटत होतं की हे सगळं आपल्यावर नजर ठेवायला चाललंय. आम्ही विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला, त्यात सिक्युरिटीच्या नोंदी उघडल्या आणि फक्त ४६२५ क्रमांकाच्या नोंदी वेगळ्या काढून पाहिल्या. फसलेल्या लॉगिनची ती नोंद. यादी खाली सरकवायला लागलो आणि ती संपेचना. रात्री दोन वाजून चार मिनिटं, त्यानंतर तीन सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक ओळीत कुणीतरी टाकून पाहिलेलं नाव. ॲडमिनिस्ट्रेटर. ॲडमिन. टेस्ट. स्कॅनर. मग अकाउंट्स. तिथे हिशेबनीस थबकले, कारण ते रोज 'अकाउंट्स' याच नावाने आत शिरत होते. नाव बरोबर पडलेलं होतं, फक्त पासवर्ड जुळायचा बाकी होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे मी झोपलो की हा उठतो."

तुम्ही हेच करा. काकांना समजावत बसण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसा आणि ती यादी दोघं मिळून पाहा. यादी कोरी निघाली तर लगेच हुरळून जाऊ नका. काही संगणकांवर फसलेल्या लॉगिनची नोंद ठेवणंच बंद असतं, ते चालू करून दोन दिवसांनी परत बघावं लागतं. आणि पोर्ट खरंच उघडं असेल, तर यादीची वाट न पाहता ते राउटरमधून बंद करा. काकांना घरून काम करायलाच हवं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंद, खाजगी बोगद्यातून आत येण्याची सोय करून घ्या, किंवा दोन टप्प्यांत ओळख विचारणारं दूरस्थ सॉफ्टवेअर वापरा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा आकडाही लागेल. काकांचा घरचा संगणक नातवंडं खेळायलाही वापरत असतील, तर कामासाठी ऑफिसचा एक लॅपटॉप त्यांना देणं मला जास्त बरं वाटेल.

आता त्यांच्या दुखावण्याबद्दल. तुम्ही गृहीत धरलंय की वेगळा पासवर्ड मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि काकांनीही तेच गृहीत धरलंय. पण सध्या काय आहे ते बघा. हिशेबाचा संगणक एकाच नावाने उघडतो, पासवर्ड तुम्हाला, भावाला, काकांना आणि बहुधा डिझाइनवाल्या मुलालाही माहीत. उद्या एखाद्या बिलातला आकडा बदललेला निघाला, एखादी नोंद गायब झाली, तर यंत्र काय सांगेल? 'अकाउंट्स'ने केलं. आणि सगळे कुणाकडे बघतील? त्या खुर्चीवर जे तीस वर्षं बसलेत त्यांच्याकडे. स्वतःच्या नावाचं खातं हा काकांचा बचाव आहे. "त्या वेळी मी आत नव्हतो" हे त्यांना दाखवून देता येईल, नुसतं शपथेवर सांगावं लागणार नाही. हे त्यांना याच शब्दांत सांगा. आणि बदलाची सुरुवात त्यांच्यापासून करू नका, स्वतःपासून करा. मी पाहिलंय, मालक मंडळी सगळ्यांना नियम लावतात आणि स्वतःच्या संगणकाला पासवर्डच ठेवत नाहीत. तुमचं आणि भावाचं खातं आधी वेगळं करा, मग डिझाइनवाल्यांचं, मग काकांचं. रोजच्या कामाच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, तुमच्यासुद्धा. नवं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तेव्हा ॲडमिनचा वेगळा पासवर्ड टाकायचा. त्याने एक दीड मिनिट जातं खरं, पण चुकून उघडलेल्या फाइलचा हातही तेवढाच आखूड राहतो.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलण्याची सक्ती करू नका. हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. त्यातून लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात किंवा कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७मध्ये मुदतीनुसार बदलायची सक्ती नको, पासवर्ड लांब असू द्या, अशी भूमिका घेतली. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक ठेवा. काकांनाही लक्षात राहतील, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. फुटल्याची शंका आली किंवा माणूस काम सोडून गेला की मात्र त्याच दिवशी बदला. ईमेल आणि बँकेच्या खात्यांना दोन टप्प्यांची ओळख लावाच, तिथे तडजोड नको.

काकांना आणखी एक गोष्ट द्या, आणि ती अधिकार म्हणून द्या. कागदवाल्या पुरवठादाराचा मेल येतो, "आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे इथे पाठवा." मेल दिसायला अगदी त्याचाच असतो. कधी कधी खरंच त्याचाच असतो, कारण त्याची मेलपेटी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली असते. यात तुमचा एकही संगणक फुटत नाही, कुठलीही फायरवॉल ओरडत नाही, पैसे मात्र जातात. नियम करा की खातं बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. आणि काकांना स्पष्ट सांगा, "माझ्या नावाने घाईचा मेल आला तरी पैसे सोडू नका, आधी मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असले, चिडले, तरी करा." ज्यांना वाटतंय की आपल्यावर संशय घेतला जातोय, त्यांच्या हातात तिजोरीचं शेवटचं 'नाही' जाऊ द्या. माझा अनुभव असा की अशी जुनी, काटेकोर माणसं हा नियम कुठल्याही तरुणापेक्षा नेटाने पाळतात.

आता वायफाय. नाव लपवून काही हाती लागत नाही. राउटरने नाव जाहीर केलं नाही तरी जोडणारे फोन आणि संगणक ते हवेत बोलतात, आणि ते ऐकणारी साधी, फुकट सॉफ्टवेअर मिळतात. ठरावीक यंत्रांनाच परवानगी देणारी मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकांची) यादीही तशीच, कारण तो पत्ता ऐकून नक्कल करता येते. दोन्हीत तुमचा वेळ जाईल आणि उगाच सुरक्षित वाटत राहील, ते जास्त वाईट.

महत्त्वाचं आहे ते कुलूप कोणत्या प्रकारचं आहे हे. वायफायचं पहिलं कुलूप डब्ल्यूईपी, १९९७चं. २००१पर्यंत ते कसं फोडायचं हे संशोधकांनी मांडलं होतं. तरीही वर्षानुवर्षं ते दुकानांत तसंच राहिलं. टीजेएक्स या अमेरिकी कंपनीच्या दुकानांच्या वायफायवर ते होतं. चोर २००५मध्ये त्यातून आत शिरले, २००७मध्ये प्रकरण उघडकीला आलं तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेलेली होती. तुमच्या राउटरमध्ये किमान डब्ल्यूपीए-२ हे नंतरचं, मजबूत कुलूप हवं, एईएस या संकेतपद्धतीसकट. राउटर आणि संगणक साथ देत असतील तर २०१८ला आलेलं डब्ल्यूपीए-३ निवडा. राउटर डब्ल्यूपीए-२सुद्धा दाखवत नसेल तर तो बदला. त्या विक्रेत्याच्या यंत्राआधी हा खर्च करा.

पण डब्ल्यूपीए-२ असूनही "छापखान्याचं नाव १२३" चालणार नाही, आणि का ते समजून घ्या. एखादा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती बाहेर गाडीत बसून कुणी टिपली, तर पुढचं काम तो घरी जाऊन करू शकतो. तुमच्या राउटरला हातही न लावता तो आपल्या संगणकावर लाखो, कोट्यवधी शब्द जुळवून बघतो. पाटीवरचं नाव आणि १२३ हे त्याच्या यादीत अगदी वर असतं. चार-पाच असंबद्ध शब्दांपुढे मात्र त्याची यादी थकते.

राउटरमध्ये डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून यंत्र जोडायची. ती बंद करा. आठ आकडे म्हटलं की दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाही हे वेगळं सांगून टाकतो. म्हणून पहिल्या अर्ध्यासाठी १०,००० आणि दुसऱ्यासाठी १,०००, मिळून फार तर ११,००० प्रयत्न. २०११च्या अखेरीस हे जाहीर झालं. काही तासांचं काम आहे ते, आणि तुमचा वायफाय पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याला बगल देऊन होतं.

गिऱ्हाइकांना वायफाय द्या, नक्की द्या, पण पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करून. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळतं, तुमचे संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. दारावरचा कॅमेरा, टीव्ही, कामगारांचे स्वतःचे फोन, सगळं तिकडेच जाऊ द्या. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाय का, तेही बघा. २०१६मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर कामाला जुंपले होते ते असेच, कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या एकत्रित माऱ्याने मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली.

आणि राउटरचं स्वतःचं दार. वायफायचा पासवर्ड वेगळा, राउटरची मांडणी बदलण्याचा वेगळा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दुसरा बहुधा अजून डब्याखालच्या स्टिकरवरचाच असतो. तो बदला, बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद करा, त्याचं अपडेट आलंय का बघा. तिथेच जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती एकदा कागदावर उतरवून काढा आणि प्रत्येक नावापुढे हे कुणाचं ते लिहा. सहा संगणक, प्रिंटर, नऊ फोन, कॅमेरा. त्यापुढेही दहा-बारा नावं उरली तर घाबरू नका, पासवर्ड सगळ्यांना माहीत होता म्हणजे ती उरणारच. नवा पासवर्ड लावला की ती आपोआप गळतील.

विंडोज ७च्या संगणकाबद्दल मी तुम्हाला "फेकून द्या" म्हणणार नाही. छपाईचं मशीन व्यवस्थित चालतंय, तेवढ्यासाठी नवं मशीन घेणं हा वेडेपणा होईल. पण १४ जानेवारी २०२०नंतर त्या विंडोजची नेहमीची अपडेट बंद झाली, म्हणून त्याला इंटरनेट नको. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. डिझाइनची फाइल त्याच्याकडे न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठेवा, त्याला लाल दोरा बांधा. लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह छापखान्याबाहेर जाणार नाही, आणि दुसरा कुठलाही त्या संगणकाला लागणार नाही. बाकी संगणकांवर विंडोज १० असेल तर त्याचीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, तेव्हा बदलाचं नियोजन तिथे करा.

पेन ड्राइव्हवरून आठवलं, तुमच्या धंद्यात हा वायफायइतकाच मोठा विषय आहे. गिऱ्हाईक कुठून कुठून फिरून आलेला पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवतं आणि आपण तो सरळ डिझाइनच्या संगणकाला लावतो. त्यासाठी एकच संगणक ठरवा, ज्यावर हिशेब नाही, बँक नाही, ऑटोप्ले बंद आहे आणि अँटिव्हायरस ताजा आहे. फाइलींच्या जागी कोपऱ्यात बाण असलेले शॉर्टकट दिसले तर उघडायचं नाही, पेन ड्राइव्ह काढून परत द्यायचा आणि फाइल मेलवर मागायची. हे काउंटरवरच्या मुलाला सांगताना "गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल" हेही सांगा, नाहीतर तो भिडेखातर लावेल.

एवढं सगळं केलं तरी एखाद्या दिवशी काहीतरी आत येऊ शकतं. म्हणून बॅकअप. तुम्ही लिहिलंय, "हार्ड डिस्क कायम लावलेली असते, बॅकअप आपोआप होतो." ताई, कायम लावलेली डिस्क खंडणीवाल्या प्रोग्रामला आणखी एक फोल्डर म्हणूनच दिसते. संगणकाबरोबर तीही कुलूपबंद होते. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं बहुधा हेच झालं असावं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाच्या अशाच एका प्रोग्रामच्या हल्ल्यात मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीचं जाळं काही तासांत आडवं झालं. त्यांच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, कुणाला कुठे परवानगी आहे, ही नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून सगळे एकदम गेले. एकच प्रत वाचली, घानामधली. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला त्या एका प्रतीवरून उभं राहावं लागलं. तुम्ही ती वीज हाताने घालवा. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, बॅकअप झाला की काढा, एक नेहमी छापखान्याबाहेर ठेवा, दोन्हींना पासवर्ड लावा. जोडीला जुन्या आवृत्त्या राखणारी एखादी क्लाउड सेवा असेल तर उत्तम.

राहिली फायरवॉल. विक्रेता लबाड आहे असं मी म्हणत नाही. ते यंत्र कामाचं असतं, पण त्याच्याकडे कुणीतरी बघत असेल तर. तुमच्या राउटरमध्येही साधी फायरवॉल असते. ३३८९ उघडं, पासवर्ड १२३ आणि डिस्क कायम लावलेली, अशा अवस्थेत ते यंत्र बसवलं तर घाणेरड्या जखमेवर महागडी पट्टी लावल्यासारखं होईल. वर सांगितलेलं बहुतेक काम फुकटात किंवा थोड्या खर्चात होतं, ते आधी उरका. मग विक्रेत्याला परत बोलवा आणि विचारा, या यंत्राची अपडेट कोण करणार, किती दिवसांत? रात्री त्याने इशारा दिला तर तो कुणाच्या फोनवर येणार? करार संपला की ते काय काय करणं बंद करतं? आणि तुम्ही स्वतः बाहेरून आमच्या यंत्रात शिराल ते कसे? शेवटच्या प्रश्नावर तो चाचरला तर मी त्याला नमस्कार करून वाटेला लावेन.

तरीही कधी पडद्यावर ती मागणी दिसलीच, तर पहिली गोष्ट नेटवर्कची केबल ओढायची, वायफाय बंद करायचं, राउटरचाही प्लग काढायचा. संगणक फॉरमॅट करायचा नाही. पडद्याचा फोनने फोटो काढायचा. बॅकअपची डिस्क घाईघाईने लावायची नाही, हे काकांना दोनदा सांगा, कारण माणूस घाबरला की पहिलं तेच करतो. बँकेला कळवायचं, पोलिसांच्या सायबर विभागाला कळवायचं. पैसे देण्याआधी नो मोअर रॅन्सम हे संकेतस्थळ बघायचं. २०१६मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते सुरू केलं आणि काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. सगळ्याच कुलपांच्या मिळत नाहीत. पैसे देऊनही फाइली परत येतील याची हमी कुणी देत नाही. हे सगळे फोन नंबर कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण त्या दिवशी संगणकातली यादी उघडणार नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी काकांना तासभर बोलवा. बॅकअपची डिस्क एका रिकाम्या संगणकाला लावा आणि त्यांना म्हणा, "काका, मागच्या वर्षीच्या कुठल्याही एका महिन्याची वही तुम्हीच निवडा, ती यातून उघडून बघू." उघडली, तर त्यांना एकेक आकडा ताडून पाहू द्या. नाही उघडली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं दुरुस्त करा.